केसाएवढ्या नळीचा इतिहास



खुनाच्या खटल्याची बातमी वाचताना ‘डीएनए चाचणीचा अहवाल आला’ हे वाक्य हल्ली वारंवार आपल्या नजरेखालून जाते. वारसाहक्काच्या तंट्यात किंवा अपघातात सापडलेल्या देहाची ओळख पटवतानाही तेच वाक्य भेटते. ते वाचले म्हणजे आपले समाधान होते. विज्ञानाने निवाडा दिला, आता प्रश्न संपला, असे आपण मानतो. पण हा निवाडा प्रत्यक्ष कोठे होतो हे विचारण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. बहुतेक वेळा तो होतो एका काचेच्या नळीत. ही नळी हातभर लांब असते, आणि तिचे आतले भोक माणसाच्या केसाहून जाड नसते. तिला केशनलिका म्हणतात. तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विजेच्या ओढीने डीएनएचे तुकडे धावतात, आणि कोणता तुकडा केव्हा पोचला यावरून माणसाची ओळख ठरते. या नळीचा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो एका शत्रूशी दिलेल्या लढ्याचा इतिहास आहे. त्या शत्रूचे नाव उष्णता.

आरंभ होतो मॉस्कोमध्ये, १८०७ साली. व्होल्टाने विजेची चळत जगापुढे मांडली ती १८०० साली, आणि युरोपातील प्रत्येक प्रयोगशाळेत या नव्या खेळण्याने काहीतरी करून पाहण्याची हौस निर्माण झाली होती. मॉस्को विद्यापीठातील फर्डिनांड राइस या जर्मन वंशाच्या प्राध्यापकाने ओल्या चिकणमातीच्या गोळ्यात दोन काचेच्या नळ्या रोवल्या, त्यांत पाणी भरले आणि दोन्हींत विजेची टोके सोडली. मग दोन गोष्टी घडल्या. धन टोकाच्या नळीत मातीचे बारीक कण वर येऊन पाणी गढूळ होऊ लागले, आणि ऋण टोकाच्या नळीत पाण्याची पातळी चढू लागली. म्हणजे विजेच्या ओढीने मातीचे कण एका दिशेस गेले, आणि पाणी उलट दिशेस गेले. पहिल्या प्रकाराला आज इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युत्संचारण, असे म्हणतात. दुसऱ्याला विद्युत्‌-परासरण म्हणतात. या दोन्ही गोष्टी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्या एकाच नळीत पुन्हा भेटणार आहेत.

कण जर विजेने चालतात, आणि वेगवेगळे कण जर वेगवेगळ्या गतीने चालतात, तर मिसळलेले पदार्थ याच युक्तीने वेगळे करता येतील, हे सुचणे कठीण नव्हते. कठीण होते ते प्रत्यक्षात आणणे. द्रवातून वीज गेली की द्रव तापतो. चुलीवर ठेवलेल्या भांड्यात काय होते ते आपण रोज पाहतो: तापलेले पाणी हलके होऊन वर येते, थंड पाणी खाली बसते, आणि सारे भांडे ढवळून निघते. वीज ज्या पदार्थांना प्रयासाने वेगळे करीत असे, त्यांना तिच्याच उष्णतेने उठलेले हे प्रवाह पुन्हा कालवून टाकीत. वीज कमी करावी तर कण इतके मंद चालत की ते आपोआपच पसरून एकमेकांत मिसळत; वाढवावी तर द्रव ढवळला जाई. या कात्रीत हे शास्त्र शंभराहून अधिक वर्षे अडकून पडले होते.

ती कात्री प्रथम सैल केली स्वीडनमधील उप्साला येथील आर्ने टिसेलियस यांनी. १९३७ साली त्यांनी जे उपकरण प्रसिद्ध केले, त्यात यू आकाराची चपटी नळी थंड पाण्यात बुडवून ठेवलेली असे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत दाट असते, आणि त्या तपमानाच्या आसपास थोडीफार उष्णता वाढली तरी त्याच्या घनतेत जवळजवळ फरक पडत नाही. घनता बदलली नाही म्हणजे प्रवाह उठत नाहीत. शत्रूला हरवता येत नसेल तर त्याला निष्प्रभ करावे, असा हा डाव होता. टिसेलियस यांनी रक्तद्रवातील प्रथिने अल्ब्युमिन आणि आल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन अशा गटांत वेगळी करून दाखवली. १९४८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्राचा एक उपयोग आपल्या घराशी नाते सांगतो. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने सिकलसेल रोग्याचे हिमोग्लोबिन तपासले, आणि ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनापेक्षा निराळ्या गतीने चालते असे त्यांना आढळले. रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत असते, हे तेव्हा प्रथम दिसले. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा आजार किती घरांना ठाऊक आहे, हे मी सांगायला नको. तेथल्या कित्येक आईबापांनी ‘इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी’ हे शब्द दवाखान्यात ऐकले आहेत. त्या शब्दांमागे उप्सालाची ती थंड नळी उभी आहे.

पण टिसेलियस यांचे यंत्र अवजड आणि महाग होते. ते एक खोली व्यापून बसे, आणि त्यात पदार्थ पुरते सुटे होत नसत. म्हणून पुढच्या पिढीने दुसरा डाव शोधला: द्रव मोकळा ठेवूच नये, तो एखाद्या जाळीत अडकवून टाकावा, म्हणजे तो ढवळणारच नाही. १९५५ साली टोरांटोमध्ये काम करणाऱ्या ऑलिव्हर स्मिथिस यांनी स्टार्चचा थिजवलेला थर वापरला. त्यांनीच सांगितलेली आठवण अशी की, लहानपणी आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ करीत असे, आणि ती थंड झाली की घट्ट होई. ते चित्र त्यांच्या मनात राहिले होते! आईच्या खळीतून शास्त्राला एक साधन मिळाले. १९५९ साली स्टार्चच्या जागी पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हा कृत्रिम पदार्थ आला. हे जेल केवळ द्रव थोपवून धरीत नव्हते, ते चाळणीचेही काम करीत होते.

ही चाळणी डीएनएच्या बाबतीत अत्यावश्यक ठरली. त्याचे कारण गमतीचे आहे. डीएनएचा तुकडा जितका लांब, तितका त्यावर विजेचा भार अधिक. पण तितकाच त्याला पाण्याचा अडथळाही अधिक. प्रत्येक गाडीला एकच बैल जोडला, तर अशा दहा गाड्या एकीमागे एक बांधल्याने त्या एका गाडीपेक्षा वेगाने चालत नाहीत. म्हणून मोकळ्या पाण्यात लहानमोठे सारे तुकडे जवळजवळ एकाच गतीने जातात. त्यांना दाट जाळीतून जायला लावले म्हणजे मात्र फरक पडतो. बाभळीच्या दाट रानातून पोर चटकन निसटते, आणि लांब मोळी डोक्यावर घेतलेला माणूस जागोजाग अडकतो, तसे लहान तुकडे पुढे जातात आणि लांब तुकडे मागे राहतात. १९७७ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएची अक्षरे वाचण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती याच चाळणीवर उभी होती. एका अक्षराचा फरक असलेले तुकडे वेगळे करावयाचे, आणि त्यांच्या क्रमावरून मजकूर वाचावयाचा.

या काळात माणसाच्या ओळखीचाही प्रश्न याच चाळणीपाशी आला. १९८४ साली लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांना प्रत्येक माणसाच्या डीएनएची नक्षी निराळी असते हे दिसले. त्याच परगण्यात १९८३ आणि १९८६ साली दोन मुलींचे खून झाले होते. एका १७ वर्षांच्या तरुणाने त्यांतील एका खुनाची कबुली दिली होती. पोलिसांची खात्री होती की दोन्ही खून त्याचेच. जेफ्रीज यांच्या चाचणीने सिद्ध झाले की खुनी दोन्ही वेळा एकच होता, आणि तो हा तरुण नव्हे. खरा गुन्हेगार पुढे सापडला आणि १९८८ साली त्याला शिक्षा झाली. गुन्ह्याच्या तपासात या शास्त्राने प्रथम जे केले, ते निरपराध्याला सोडवण्याचे काम होते. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

परंतु ही रीत फार कष्टाची होती. दोन काचांच्या मध्ये जेलचा पातळ थर हाताने ओतावा लागे. त्याचा कच्चा पदार्थ, अ‍ॅक्रिलामाइड, मज्जातंतूंना विषारी. वीज जपून द्यावी लागे, कारण उष्णतेचा शत्रू जेलमध्येही मेला नव्हता. थर मध्यभागी अधिक तापे, कडांना कमी, आणि ओळी वाकड्या पडत. तासन्‌तास थांबावे लागे. मानवी जनुकसंचयाच्या एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर आहे. तो या गतीने वाचावयाचा तर किती हात आणि किती वर्षे लागतील?

उत्तर दुसऱ्याच वाटेने चालत आले होते. टिसेलियस यांचेच शिष्य स्टेलन येर्टेन यांनी १९६७ साली जेल सोडून मोकळ्या द्रवाकडे परत जाण्याचे धाडस केले. त्यांनी ३ मिलिमीटर भोकाची नळी स्वतःभोवती सतत फिरती ठेवली. निखाऱ्यावरचे कणीस फिरवत राहिले म्हणजे ते एका बाजूस करपत नाही, तशी फिरत्या नळीतल्या द्रवालाही एका बाजूस ढळण्यास सवड मिळत नाही. युक्ती यशस्वी झाली, पण यंत्र गुंतागुंतीचे होते. मग प्रश्न उभा राहिला: नळी फिरवण्याऐवजी ती बारीकच का करू नये?

यामागचे गणित साधे आहे. उष्णता नळीच्या साऱ्या पोटात निर्माण होते, पण बाहेर जाते ती फक्त भिंतीतून. नळी बारीक केली की पोट झपाट्याने घटते, भिंत त्या मानाने कमी घटते. विजेची ओढ तीच ठेवून भोक निम्मे केले, तर नळीचा मध्य आणि भिंत यांच्या तपमानातील फरक चौथ्या हिश्शावर येतो. मोठ्या हंड्यातले पाणी तासभर गरम राहते, बशीतला चहा क्षणात निवतो. त्यातलाच हा प्रकार. १९७४ साली फिनलंडमध्ये विर्तानेन यांनी, आणि १९७९ साली हॉलंडमधील आइंडहोवेन येथे मिकर्स, एव्हरार्ट्स आणि व्हर्हेगन यांनी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतक्या बारीक नळ्या वापरून पाहिल्या. पण लढाईचा निकाल लागला तो १९८१ साली. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना विद्यापीठात जेम्स जॉर्गेनसन आणि त्यांची विद्यार्थिनी क्रिन ल्यूकॅक्स यांनी ७५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढ्या भोकाची काचेची नळी घेतली, आणि तिच्या दोन टोकांना ३०,००० व्होल्टपर्यंत दाब दिला. जेलच्या पाटीवर असा दाब दिला असता तर ती वितळून गेली असती. या नळीतून मात्र उष्णता उठताक्षणी भिंतीवाटे निघून गेली. तासांचे काम मिनिटांवर आले, आणि पदार्थ पूर्वी कधी झाले नव्हते इतके स्वच्छ सुटे झाले.

येथे मॉस्कोची दुसरी गोष्टही परत आली. काचेच्या भिंतीवर ऋण भार असतो, म्हणून नळीतले सारे पाणीच ऋण टोकाकडे सरकू लागले, जसे ते राइस यांच्या मातीतून सरकले होते. काही कामांत हा प्रवाह उपयोगी पडतो, कारण तो साऱ्या पदार्थांना शोधकाच्या झरोक्यापाशी आणून सोडतो. डीएनएच्या कामात तो अडथळा करतो, म्हणून भिंतीवर लेप देऊन त्याला थोपवावे लागते.

उष्णता हरली खरी. पण एक अडचण गेली की ती आपल्यामागे दुसरी ठेवून जाते. ५० मायक्रॉन भोकाची, अर्धा मीटर लांबीची नळी घेतली, तर तिच्या साऱ्या पोटात मिळून १ घनमिलिमीटर द्रव मावतो, म्हणजे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा. तपासावयाचा नमुना तर या नळीच्या एका टोकाशी, मिलिमीटर दोन मिलिमीटर जागेत भरावयाचा. इतक्या अल्प द्रवात जे थोडेसे रेणू असतील ते दिसावे कसे? आरपार पाहावे तर प्रकाशाची वाटही केसाइतकीच तोकडी. उष्णतेपासून सुटण्यासाठी नळी बारीक केली, आणि बारीक नळीत माल दिसेनासा झाला!

यावर दोन उपाय निघाले. पहिला, तुकड्यांना चमकणारा रंग जोडून त्यांवर लेसरचा झोत टाकणे. दुसरा, नळीत शिरतानाच विरळ नमुना एका पातळ पट्ट्यात गोळा करणे. या दुसऱ्या उपायाचे मूळ १८९७ साली फ्रिडरिश कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमात आहे. द्रवात क्षार कमी असले तर तेथे विजेची ओढ तीव्र असते; क्षार अधिक असले तर मंद. म्हणून डीएनएचा नमुना क्षार काढून जवळजवळ निव्वळ पाण्यात किंवा फॉर्मामाइड या द्रवात घ्यावयाचा, आणि नळीत क्षारयुक्त द्रव भरावयाचा. वीज सुरू केली की तुकडे नमुन्यातून वेगाने धावत येतात आणि नळीतल्या द्रवात शिरताच एकदम मंदावतात. उताराच्या पक्क्या वाटेने धावत आलेला जमाव नदीच्या वाळूत शिरला की पुढचे रेंगाळतात, मागचे धावतच येतात, आणि सारे एका जागी दाटतात, हुबेहूब तसेच. जेलमध्ये अशा दाटणीचा उपयोग न्यूयॉर्कच्या ऑर्नस्टीन आणि डेव्हिस यांनी १९६४ सालीच केला होता. नळीच्या बाबतीत तिचा शास्त्रशुद्ध हिशेब १९९० नंतरच्या एकदोन वर्षांत चिएन आणि बर्गी यांनी मांडला. नमुन्यात क्षार राहिले तर मात्र सारा खेळ बिघडतो. क्षारांचे चपळ कण आधी आत घुसतात आणि डीएनए दाराबाहेर ताटकळत राहतो. नमुना धुण्याचे काम प्रयोगशाळेत इतक्या कटाक्षाने करतात ते याचसाठी.

डीएनएला चाळणी हवी, म्हणून ती केशनलिकेतही भरावी लागली. आरंभी नळीतच जेल थिजवीत. पण त्यात बुडबुडे होत, तडे जात, आणि नळी फेकून द्यावी लागे. बोस्टनच्या बॅरी कार्गर यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी १९९० च्या सुमारास दाखवले की थिजलेल्या जेलची गरजच नाही. लांब धाग्यांच्या रेणूंचा दाट पाक नळीत भरावा; त्या धाग्यांचा गुंता हीच चाळणी. एक काम झाले की तो पाक ढकलून बाहेर काढावा, नवा भरावा. यंत्र हे काम आपोआप, दिवसरात्र करू शकते. हात दूर झाला, आणि विषारी पदार्थ ओतण्याचे कष्टही सरले.

आता एक नळी पुरेशी नव्हती. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रिचर्ड मॅथिस यांनी १९९२ साली अनेक नळ्या ओळीने लावून त्यांवरून लेसर फिरवला. नळीच्या काचेवर पडलेला प्रकाश विखुरतो आणि मंद चमक बुडवून टाकतो, ही त्यातील अडचण. कॅनडात नॉर्मन डॉव्हिची आणि जपानात हिताची कंपनीचे हिदेकी काम्बारा यांनी निराळी तोड काढली. तुकडे नळीच्या टोकातून बाहेर पडून वाहत्या द्रवाच्या आवरणात शिरावेत, आणि त्यांवर लेसर तेथेच पडावा. मधे काच नकोच. काम्बारा यांनी १९९३ साली अशा नळ्यांची रांग करून एकाच झोताने सगळ्या वाचून दाखवल्या. याच तत्त्वावरचे ९६ नळ्यांचे यंत्र १९९८ साली बाजारात आले. त्याच वर्षी क्रेग व्हेंटर यांच्या सेलेरा कंपनीने अशी सुमारे ३०० यंत्रे मांडून मानवी जनुकसंचय वाचून काढण्याचा विडा उचलला. सरकारी प्रकल्प १९९० साली सुरू झाला होता, आणि त्याची मुदत २००५ पर्यंत होती. त्यातील केंद्रांनीही नळ्यांची यंत्रे घेतली. २६ जून २००० रोजी कच्चा मसुदा जाहीर झाला, आणि एप्रिल २००३ मध्ये, मुदतीच्या दोन वर्षे आधी, काम पूर्ण झाल्याची घोषणा झाली. अवघड जागा तरी उरल्याच होत्या; त्या पुढे निराळ्या तंत्रांनी २०२२ साली भरून निघाल्या.

त्या जून महिन्यातील समारंभाची छायाचित्रे जगाने पाहिली. राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी प्रकल्पाचे नेते उभे होते. ज्यांनी नळी बारीक केली, पाक घडवला, काच टाळून प्रकाश पाडला, त्यांची नावे तेव्हा किती जणांना ठाऊक होती? आजही किती जणांना आहेत? इतिहास लिहिताना आपण गड जिंकणाऱ्याचे नाव लिहितो. ज्याने गडाची वाट कोरली त्याचे नाव सहसा लिहीत नाही.

२००५ नंतर मोठ्या प्रमाणावर मजकूर वाचण्यासाठी नवी तंत्रे आली, आणि त्या कामातून नळी मागे पडली. पण एखादा छोटा तुकडा खात्रीने वाचावयाचा असेल, किंवा माणसाची ओळख ठरवावयाची असेल, तर अजून तिच्याकडेच जातात. अमेरिकेत २०१७ पासून डीएनएच्या २० ठरावीक जागा तपासून ओळख नोंदवतात. त्या जागांवरील तुकड्यांची लांबी मोजण्याचे काम मुख्यतः केशनलिकाच करते.

आणि येथेच आपल्यासारख्या नागरिकांचा संबंध येतो. जेफ्रीज यांच्या वेळी चाचणीस बराच नमुना लागे. आता रेणूंची संख्या आधी वाढवून, मग त्यांना नळीच्या तोंडाशी दाटवून, मूठभर पेशींवरूनही ओळख काढता येते. ही प्रगती थोर आहे. पण दाटणीच्या युक्तीला आपपर कळत नाही. खुन्याचा स्पर्श जसा ती मोठा करून दाखवते, तसाच सकाळी त्याच दाराला सहज हात लावून गेलेल्या पाहुण्याचाही दाखवते. हा डीएनए कोणाचा, एवढेच नळी सांगते. तो तेथे कसा आला, केव्हा आला, हे ती सांगत नाही. ते सांगण्याचे काम साक्षीपुराव्याचे आणि माणसाच्या विवेकाचे आहे. ज्या शास्त्राने पहिल्याच खटल्यात एका निरपराध तरुणाची सुटका केली, त्याच्या अहवालावर डोळे मिटून शिक्का मारणे हा त्या शास्त्राचा आदर नव्हे.

मॉस्कोच्या त्या ओल्या मातीच्या गोळ्यापासून आपण निघालो. राइस यांना डीएनए हा शब्द ठाऊक नव्हता, कोलराउश यांनाही नव्हता. एकाने गढूळ पाणी नीट पाहिले, दुसऱ्याने क्षारांचा हिशेब नीट मांडला. त्यांचे ते काम कोठे उपयोगी पडेल हे त्यांच्या हयातीत कोणी सांगू शकले नसते. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ‘डीएनए चाचणीचा अहवाल आला’ असे आपण वाचाल, तेव्हा त्या केसाएवढ्या नळीची एकदा आठवण करावी, आणि मग अहवाल नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, हे विचारावे. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.